32 किलोमीटर खोल खड्डा आणि उलट्या सावल्या

फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्वतः बनवलेल्या भूभागावरून पहिल्यांदा लढाऊ विमान उडवलं तेव्हा डोंगराच्या कुशीत एक खड्डा दिसला. वाकून बघावं तर तळच नाही. भाग कॉकेशसचा, फाइल एन42ई043. तिथली उंची तपासली तर उणे 32768 मीटर! एसआरटीएमच्या फाइलमध्ये या आकड्याचा अर्थ 'इथलं मोजमाप नाही' इतकाच असतो. मी ती खरी उंची समजून तसाच पुढे ढकलला होता.

एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने घेतलेली जमिनीची उंची. रडार तिरकं बघतं. उभ्या कड्यांच्या पाठीमागे त्याचे किरण पोचत नाहीत आणि नेमकी तिथेच भोकं राहतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा 'नो-डेटा' म्हणून नोंदवला की लहान भोकं आजूबाजूच्या उंचीवरून बुजवता येतात. पण नव्याने सुरुवात करत असाल तर या भानगडीत पडू नका; बहुतेक भोकं आधीच बुजवलेलं नासाचं नासाडेम किंवा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं 30 मीटरचं उंचीचं मॉडेल घ्या. आणि हो, एसआरटीएमच्या फाइलच्या नावात तिच्या एक अंशाच्या चौकोनाचा नैर्ऋत्य कोपरा असतो, मध्यबिंदू नाही. मी दोनदा शेजारचा चौकोन उतरवून बसलो होतो.

बहुतेक जण आधी उपग्रहचित्राच्या मागे लागतात, मीही लागलो होतो. आता विचाराल तर सांगेन, निदान लढाऊ सिम्युलेटरसाठी तरी उंचीचं काम आधी करा. 480 नॉटच्या वेगाने विमान सेकंदाला जवळजवळ 247 मीटर कापतं. इतक्या वेगात शेतांचे बांध कोण बघतो? पण डोंगराची धार 40 मीटरने कमी असली तर लगेच कळतं. 90 मीटरच्या जाळीत, म्हणजे दर 90 मीटरला उंचीचा एकच बिंदू असेल तर, दोन बिंदूंच्या मधे आलेली अरुंद धार तासल्यासारखी बोथट होते. मी एका धारेआड लपत दरीतून चाललो होतो, तरी क्षेपणास्त्राच्या रडारचा इशारा वाजतच राहिला. शत्रू फसवतोय असं वाटून तासभर डोकं खाजवलं. मग तोच मार्ग 30 मीटरच्या जाळीवर उडवला आणि इशारा बंद.

कोपर्निकसच्या मॉडेलची खोड वेगळी. त्यात झाडांचे शेंडे आणि छपरंसुद्धा जमीन म्हणून धरलेली असतात. जंगलाच्या कडेला धावपट्टी असेल तर मधे उंबरठ्यासारखी पायरी तयार होते. ती हाताने सपाट करावी लागते, दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

आता चित्र. सेंटिनेल-2 या उपग्रहाची दृश्य रंगांची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल 10 मीटरचा. दहा हजार फुटांवरून झकास दिसतात, तीनशे फुटांवर नुसते डाग. मग माणूस जास्त झूमच्या टाइल्सकडे, म्हणजे नकाशाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांकडे, वळतो, आणि इथे डिस्क भरते: झूम एका पायरीने वाढवला की टाइल्स चौपट. झूम 17 ला कॉकेशसच्या अक्षांशावर एक अंशाच्या चौकोनात पावणेदोन लाखांच्या आसपास टाइल्स बसतात. म्हणून विमानतळ आणि लक्ष्याभोवती बारीक चित्र ठेवा, बाकी जाडंभरडं चालतं.

सावल्यांचं मात्र कुणी आधी सांगत नाही. सेंटिनेल-2 साधारण सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो, म्हणजे उत्तर गोलार्धात डोंगरांच्या सावल्या वायव्येकडे पडलेल्या असतात आणि चित्रात तशाच छापल्या जातात. सिम्युलेटरमध्ये संध्याकाळ केली की खरी सावली पूर्वेला आणि छापलेली पश्चिमेला. दरी फुगवटा वाटते. मी अशा चौकोनांवर सकाळच्याच मोहिमा ठेवतो. पळवाट आहे, कबूल.

परवान्याचं थोडक्यात: सेंटिनेलचं चित्र श्रेय देऊन वाटता येतं, व्यावसायिक नकाशांच्या टाइल्स नाही. ऑर्थो4एक्सपीसारखं उपग्रहचित्रांचा भूभाग बनवणारं साधन याच कारणाने चित्रं न देता ती आपल्या संगणकावर उतरवून घेतं. आणि डीसीएस या लढाऊ सिम्युलेटरमध्ये स्वतःचा भूभाग घालायचा विचार असेल तर तो सोडा. सुरुवातीला फ्लाइटगिअर किंवा एक्स-प्लेन हे सिम्युलेटर बरे.

शेवटची चूक सगळ्यात साधी. नकाशावरून पुलाचा अक्षांश घेतला: 42 अंश 15 मिनिटं 30 सेकंद. एफ-16 ला मिनिटांचे दशांश लागतात, म्हणजे 15.500. मी 15.300 टाकलं. फरक 0.2 मिनिटांचा, जमिनीवर 370 मीटर. बॉम्ब मी सांगितल्या जागी अगदी बिनचूक पडला. पूल उत्तरेला तसाच उभा होता.