न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बॅले नर्तकीचे फोटो कसे काढावेत

ब्रुकलिनची वॉशिंग्टन स्ट्रीट, मागे मॅनहॅटन ब्रिज आणि मध्ये टूटू (बॅलेचा जाळीदार, फुगीर झगा) घातलेली नर्तकी. हा फोटो इतक्यांनी काढलाय की आता त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. रोजच्या शहरातलं काही हवं असेल तर टूटू घरीच ठेवायला सांगा. जीन्स, रेनकोट, हातात किराण्याची पिशवी असू द्या. मग तिला एखादं काम द्या: जाणाऱ्या टॅक्सीला हात करणं, लाँड्रीत कपडे भरणं (दुकानदाराला आधी विचारून). टॅक्सीला हात करता करता मागचा पाय अरबेस्कमध्ये, म्हणजे मागे सरळ ताणून, उचलला गेला, तर फोटोत गोष्ट येते. नुसती पोझ दिली तर येत नाही.

जागा निवडताना आधी जमीन बघा. स्टुडिओची लाकडी जमीन थोडी दबते, काँक्रीट अजिबात दबत नाही. प्रत्येक उडीचा हिसका गुडघ्या-घोट्यांना बसतो. किती उड्या मारायच्या, हे तिनेच ठरवावं. वॉशिंग्टन स्ट्रीटसारख्या दगडी फरसबंदीवर पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे बॅलेचे बूट) नकोतच. या बुटांचं टोक कापड-कागदाचे थर गोंदाने चिकटवून कडक केलेलं असतं, ओलीत ते मऊ पडतं. त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर नको, आणि एरवीही जुनी जोडीच आणायला सांगा. तिला वॉर्मअपला वेळ द्या. थंडीत दोन फोटोंच्या मध्ये जाकीट अंगावर हवं.

परवानगीचं सोपं आहे. हातातला कॅमेरा किंवा ट्रायपॉड घेऊन, रस्ता न अडवता फोटो काढायला न्यूयॉर्क शहराचं परमिट लागत नाही. सबवेत मात्र परवानगीशिवाय ट्रायपॉड, लाइट, रिफ्लेक्टर चालत नाहीत.

आता उडी. फ्रेम, प्रकाश, फोकस हे सगळं ती नुसती उभी असतानाच पक्कं करा. ती जिथे हवेत असेल तिथे कुणाला तरी उभं करून फोकस लावा आणि लॉक करा. शटर १/१००० सेकंद, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा, म्हणजे पाय आणि जमीन यांतलं अंतर मोठं दिसतं. लेन्स ३५ किंवा ५० मिमी. फार वाइड घेतली तर कडेचं पाऊल ताणलं जातं. बर्स्टवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात त्यावर) फार विसंबू नका. सेकंदाला १० फ्रेम म्हटलं तरी दोन फ्रेममध्ये ०.१ सेकंद जातो आणि ग्राँ जेतेत (पाय पुढे-मागे फाकवून मारलेल्या मोठ्या उडीत) दोन्ही पाय पूर्ण उघडतात तो क्षण नेमका त्यातच निसटतो. तिला मोठ्याने आकडे मोजायला सांगा आणि बटण उडीच्या शिखराच्या किंचित आधी दाबा.

दर दोन-तीन उड्यांनंतर कॅमेऱ्याचा पडदा तिला दाखवा. आपण चेहरा आणि मागची टॅक्सी बघत असतो. तिला आधी न ताणलेला पंजा, वाकलेला गुडघा, उचललेला खांदा दिसतो. तिने नको म्हटलेला फोटो कितीही आवडला तरी बाहेर देऊ नका: तो तिच्या शिक्षकांनाही दिसणार असतो.