एलटीस्पाइसमध्ये फिल्टरचे एस-पॅरामीटर कसे काढावेत

एलटीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर आहे. एस-पॅरामीटर म्हणजे फिल्टरच्या पोर्टवर (सिग्नल आत-बाहेर जाण्याच्या टोकावर) आलेल्या सिग्नलपैकी किती परत फिरतो (एस११) आणि किती पार जातो (एस२१) याचे माप. सुरुवात अशा सर्किटपासून करा, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. ५० ओमचा, १०० मेगाहर्ट्झ कटऑफचा, तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ लो-पास (कटऑफखालच्या फ्रिक्वेन्सी सपाटपणे पुढे सोडणारा फिल्टर) त्यासाठी उत्तम: दोन्ही टोकांना ग्राउंडकडे ३१.८ पिकोफॅरडचे कपॅसिटर आणि मध्ये १५९ नॅनोहेन्रीचा इंडक्टर.

इनपुटला व्होल्टेज सोर्स व्ही१ जोडा. एसी अँप्लिट्यूड १ आणि सीरिज रेझिस्टन्स ५० भरा. आउटपुटला ग्राउंडकडे ५० ओमचा रेझिस्टर लावून त्याला ‘आरआउट’ नाव द्या. दोन्ही नोडना ‘इन’ आणि ‘आउट’ अशी लेबले लावा. मग दोन डायरेक्टिव्ह, म्हणजे सिम्युलेटरला द्यायच्या आज्ञा (अर्थातच इंग्रजी अक्षरांत): ‘.एसी डेक २०० १मेग १जी’ आणि ‘.नेट आय(आरआउट) व्ही१’. रन केल्यावर ॲड ट्रेसच्या यादीत एस११(व्ही१), एस२१(व्ही१) दिसतील.

सोर्सचा सीरिज रेझिस्टन्स भरायचा राहिला, तर ५० ओमचा संदर्भच उरत नाही. आलेख गुळगुळीत येतो, आकडे मात्र चुकीचे. म्हणून ही चूक सहज नजरेतून सुटते. दुसरी नेहमीची चूक ‘एम’ची: स्पाइसमध्ये मोठा असो वा छोटा, एम म्हणजे मिली. मेगासाठी ‘मेग’च लिहावे लागते.

आता पडताळा. १०० मेगाहर्ट्झला एस११ आणि एस२१ दोन्ही उणे ३ डीबी हवेत, २०० ला एस२१ उणे १८.१, ५० ला एस११ उणे १८.१. शिवाय ‘२*व्ही(इन)-१’ हा ट्रेस एस११ वर आणि ‘२*व्ही(आउट)’ एस२१ वर तंतोतंत बसला पाहिजे. बसला नाही, तर पोर्टची जोडणी तपासा. हे जुळेपर्यंत स्वतःच्या सर्किटकडे वळू नका.

बाजारात मिळणारे ३३ पिकोफॅरड आणि १५० नॅनोहेन्री घातले, तर १०० मेगाहर्ट्झला एस२१ उणे २.७ होतो, एवढा फरक बहुतेक कामांत चालतो. खरी फसगत वरच्या फ्रिक्वेन्सीला होते. आदर्श भागांनी १ गिगाहर्ट्झला उणे ६० डीबी दिसते, पण बोर्डवर ते सहसा मिळत नाही. कपॅसिटरच्या प्रॉपर्टीत १ नॅनोहेन्री सीरिज इंडक्टन्स भरा: ३३ पिकोफॅरडचा भाग सुमारे ८७५ मेगाहर्ट्झला रेझोनेट होतो आणि त्यापुढे इंडक्टरसारखा वागतो. इंडक्टरलाही समांतर कपॅसिटन्स द्या. नेमका आकडा डेटाशीटमधल्या सेल्फ-रेझोनन्सवरून काढता येतो.