घरी सीएनसी मिल बनवताय? या चुका टाळा

सीएनसी मिल म्हणजे कम्प्युटरच्या हुकमानं लाकूड-धातू कापणारं मशीन. ते बनवायचं डोक्यात आलं की लोक सगळ्यात आधी मोटर मागवतात. कापायचं काय ते ठरलेलं नसतं, कंट्रोलरचा (मोटरींना हुकूम देणारा भाग) पत्ता नसतो, आणि सामान घरात येऊन पडल्यावर विचारतात, "याला कुठलं सॉफ्टवेअर चालेल?" लाकूड कापणार की ॲल्युमिनियम, ते आधी ठरवा. फ्रेम, स्क्रू, मोटर, ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) हे सगळं त्यामागून येतं. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर मात्र जोडीनंच निवडायचं.

ही जोडी जमली नाही की काय होतं? उदाहरण घ्या: पॅरलल पोर्टमधून मशीन चालवणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर मॅक३, आणि यूएसबी-टू-पॅरलल केबल. ती केबल प्रिंटरसाठी असते, मॅक३ला ती पोर्ट म्हणून दिसतच नाही. यूएसबीच हवी असेल तर वेगळा मोशन कंट्रोलर घ्या. लिनक्ससीएनसी हे लिनक्सवरचं तसंच सॉफ्टवेअर वापरणार असाल तर एकही पार्ट मागवण्याआधी त्या कम्प्युटरवर लेटन्सी टेस्ट (कम्प्युटर वेळेवर सिग्नल देतो का, ती चाचणी) लावा, आणि ती चालू असताना व्हिडिओ बघा, मोठ्या फाइल कॉपी करा. रिकाम्या बसलेल्या कम्प्युटरचे आकडे सगळ्यांचेच छान येतात.

नवख्यांसाठी मला जीआरबीएल हे कंट्रोलर बोर्डात बसणारं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) पटतं, पण आर्डुइनो उनो बोर्डावर ते सेकंदाला साधारण ३०,००० स्टेपपर्यंतच जातं. फेऱ्याला २०० स्टेप घेणारी मोटर, फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू आणि प्रत्येक स्टेपचे ८ तुकडे (मायक्रोस्टेप) धरले तर मिलिमीटरला ३२० स्टेप होतात, म्हणजे मिनिटाला ५,६०० मिमीपर्यंत वाव. "अचूकता वाढेल" म्हणून ड्रायव्हरचे स्विच ३२ वर नेले की मिलिमीटरला १,२८० स्टेप, आणि वेग १,४०० वर येतो. अचूकता तर वाढत नाहीच. इतक्या बारीक स्टेपचा जोर घर्षणातच जिरतो. मोटर जरा शांत चालते, एवढंच.

आता वायरिंग, माझ्या डोक्यात जाणारा विषय. एका मित्राचं मशीन मध्येच 'अलार्म १' देऊन थांबायचं. म्हणजे मशीनच्या मते लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाचा स्विच) दाबला गेलाय, आणि स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) तर स्विचपासून हातभर लांब! पठ्ठ्यानं आधी सेंडर (मशीनला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर) बदललं, मग फर्मवेअर नव्यानं टाकलं, मग लॅपटॉपच बदलला. मी त्याला स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवायला लावला. कुठेही अडलं नाही. मागचं झाकण काढलं तर व्हीएफडीकडून (स्पिंडलचा वेग ठरवणारं युनिट) स्पिंडलला जाणारी साधी वायर आणि लिमिट स्विचच्या वायरी एकाच जुडीत, केबल टायनं सुबक बांधलेल्या. दिसायला देखणं काम होतं, पण स्पिंडलच्या वायरीतला विद्युत गोंगाट लिमिटच्या वायरींत शिरत होता. स्पिंडलला शील्डेड केबल टाकली, शील्डला अर्थिंग दिलं, लिमिटच्या वायरी दुसऱ्या बाजूनं नेल्या, स्विच एनसी (न दाबता सर्किट जोडलेलं ठेवणारे) करून फर्मवेअरमध्ये तसं सेटिंग उलटवलं आणि इनपुटला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारे भाग) लावले. अलार्म बंद. खुर्चीतून न उठता बदलता येतं, म्हणून लोक आधी सॉफ्टवेअर बदलतात. झाकण काढायला स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. नेमा २३ हे मोटरच्या तोंडाचं माप आहे, ताकदीचं नाही. डेटाशीटवरचा होल्डिंग टॉर्क (पिळाचा जोर) थांबलेल्या मोटरचा असतो, वेगात तो घसरतो. म्हणून मी कमी इंडक्टन्सची (करंट पटकन चढणारी) मोटर घेतो आणि ड्रायव्हरला झेपेल तेवढा जास्त व्होल्टेजचा सप्लाय. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जातो. सैल नटाचा बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) सॉफ्टवेअरमधून भरून काढायचा नाद सोडा, नट बदला. इमर्जन्सी स्टॉप म्हणजे वीज तोडणारं खरंखुरं बटण, स्क्रीनवरचं लाल चित्र नव्हे. आणि कॅममध्ये (डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) पोस्ट प्रोसेसर, म्हणजे तो प्रोग्राम कंट्रोलरच्या बोलीत लिहिणारा भाग, आपल्या कंट्रोलरचाच निवडा. जी८१ ही ड्रिलिंग सायकल जीआरबीएलला कळत नाही. पहिल्याच भोकाला 'एरर २०' येतो, आणि लगेच मला फोन.