सीएस१०१ चाचणीत २.३ किलोहर्ट्झला युनिट रीसेट होत होतं: माझा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमचं २८ व्होल्ट डीसीचं युनिट मिल-एसटीडी-४६१ (अमेरिकी लष्कराचं विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाचं मानक) च्या सीएस१०१ चाचणीला लावलं होतं. पॉवरच्या तारेतून मुद्दाम गडबड सोडून युनिट टिकतं का, ते यात बघतात. पॉवर लीडवर ३० हर्ट्झपासून रिपल (डीसीवर चढवलेला एसी चढउतार) देत फ्रिक्वेन्सी वाढवत गेलो की २.३ किलोहर्ट्झला आतला रिले टक् वाजायचा आणि डिस्प्ले काळा. दर वेळी तिथेच.

तारांवर फेराइट (नॉइज अडवणारे चुंबकीय मणी) घातले (इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला त्यांचा उपयोगच नाही), सप्लाय बदलला. तीन रात्री वाया गेल्या.

शेवटी स्कोप (ऑसिलोस्कोप) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून चालवला आणि फिल्टरच्या आधी-नंतर रिपल मोजला. आधी २ व्होल्ट आरएमएस, नंतर ७. म्हणजे आमचाच इनपुट फिल्टर: ४७ मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरड, रेझोनन्स नेमका २.३ किलोहर्ट्झला, म्हणजे तिथे फिल्टर रिपल कमी करण्याऐवजी वाढवतो.

उपाय याच क्रमाने करा. सप्लाय बंद, कपॅसिटर डिस्चार्ज. ४७० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. ही जोडी जुन्या कपॅसिटरला समांतर लावा, पोलॅरिटी बघून. रेझिस्टर गाळू नका. नुसता कपॅसिटर वाढवला तर रेझोनन्स जात नाही, खाली सरकतो. मग ३० हर्ट्झ ते १५० किलोहर्ट्झ पूर्ण स्वीप (फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत चाचणी) पुन्हा घ्या.

आमच्याकडे फिल्टरनंतरचा रिपल ३ व्होल्टच्या आत आला. रिले एकदाही वाजला नाही.