आजोबांच्या गाडीचा विमा: पाऊस लागण्याआधीची तयारी

आमची मॉरिस मायनर १९५८ची. गोवामुक्तीआधी तीन वर्षं आजोबांनी ती पणजीत घेतली. त्या काळात परदेशी गाडी घ्यायला गोव्यात फारशी अडचण नव्हती, म्हणून तर आजही फोंड्यापासून मडगावपर्यंत जुन्या घरांच्या पडवीला टेकून एखादी ओपेल, ऑस्टिन नाहीतर मर्सिडीज उभी दिसते. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच झडीत आमच्या फणसाची फांदी मॉरिसच्या टपावर आली. टप दबला, उजवं दार आत गेलं. फर्स्ट पार्टी विमा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा, होता, म्हणून घरात कोणी फारसं घाबरलं नाही. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती किंमत, चाळीस हजार लिहिली होती. एजंट दरवर्षी मागच्या आकड्यातून थोडं कापायचा आणि आम्ही प्रीमियम कमी झाला म्हणून खूश व्हायचो. पत्र्याचं काम आणि रंग मिळून छत्तीस हजारांचा अंदाज आला. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे ती पूर्ण गेली असं धरून कंपनी दुरुस्तीऐवजी विम्याची किंमत देते. चाळीस हजारांचे ७५ टक्के म्हणजे तीस हजार. नुकसान तपासायला आलेला सर्व्हेयर सज्जन होता, पण त्याने सांगितलं ते हेच: पैसे घ्या आणि गाडी सोडा. आम्ही क्लेम मागे घेतला, पदरचे छत्तीस हजार घातले. तेव्हापासून दर मे महिन्यात, नूतनीकरणाच्या आधी, मी ही सगळी तयारी करतो.

पहिलं काम कागदावर नाही, मनाशी करायचं आहे: गाडी वर्षभरात नेमकं काय करते? प्रामाणिकपणे आठवा. आमची गाडी रविवारी फर्मागुडीच्या गणपतीला जाते, चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणते, वर्षातून एखाद्या व्हिंटेज रॅलीत जाते आणि नात्यातल्या लग्नात नवरीला मांडवापर्यंत सोडते. यातलं शेवटचं फुकट असेल तोवर ठीक. लग्नाला किंवा शूटिंगला भाडं घेऊन गाडी दिली, की खासगी गाडीची पॉलिसी त्या प्रवासापुरती संपली असं समजा, कारण भाड्याने वापर हा तिच्यात सरळ वगळलेला आहे. ‘भाडं नाही हो, फक्त पेट्रोलचे पैसे’ असं म्हणणारे मला दर हंगामात भेटतात. अपघातानंतर हा युक्तिवाद सर्व्हेयरसमोर करून पाहायची माझी तयारी नाही. शर्यत, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) हेही वगळलेलं असतं. साधी मिरवणूकवजा रॅली आणि वेळेचे टप्पे असलेली रॅली यांत फरक आहे, म्हणून रॅलीचं माहितीपत्रक आधीच कंपनीला पाठवा आणि संरक्षण आहे की नाही ते ईमेलवर लेखी घ्या. जादा प्रीमियम भरून रॅलीचं कलम जोडून घेता येतं. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्याच लागू असलेल्या दर-नियमांत, त्याची सोय होती. फोनवरचं ‘होईल हो सर’ हे उत्तर नव्हे.

यातूनच व्हिंटेज नोंदणीचा प्रश्न निघतो. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी व इंजिन मूळ असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिलं शुल्क वीस हजार, पुढच्या खेपेला पाच हजार, मुदत दहा वर्षं. नव्या नोंदणीत नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आमच्या घरात ‘जीडीए’ या जुन्या नंबराची पाटी काढायचं नाव काढलं तरी भांडण होईल, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. अडचण वापराची. व्हिंटेज नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. विम्यात मिळतं काय? २०२२च्या नियमांतल्या थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणाऱ्या विम्याच्या, दरात निम्मी सूट. मूळ दर हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशेला ३,४१६, त्यावर ७,८९७. आमच्या मॉरिसचं इंजिन ९४८ सीसी, म्हणजे बचत वर्षाला १,०४७. दहा वर्षांत साडेदहा हजारही होत नाहीत आणि शुल्क वीस हजार. वर देवळाची फेरीही गेली. पंधराशेच्या वरची मोठी गाडी असेल तर दहा वर्षांत साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास वाचतात, तिथे हिशेब उलटतो. बाबांच्या १९८४च्या पद्मिनीला कोणी कितीही कौतुकाने व्हिंटेज म्हणो, नियमाच्या लेखी ती अजून जुनी गाडी आहे आणि तिचं साधं नूतनीकरणच करायचं आहे.

आता आरसी काढा आणि टॉर्च घेऊन बॉनेट उघडा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. हे फालतू वाटतं, पण गोव्यात जुन्या गाड्यांच्या पोटात काय काय निघतं ते मॅकेनिकांना विचारा. पेट्रोल परवडेना म्हणून एका काळात अॅम्बॅसॅडरमध्ये मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. ते आरटीओत चढवलेलं नसेल तर आज गाडी धावेल, पण क्लेमच्या दिवशी आरसीवर एक गाडी आणि अंगणात दुसरी अशी गत होईल. रंग बदललेला असेल तर तोही चढवून घ्या. गाडी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्यांत आधी ते. चुलते-आत्यांच्या सह्या गोळा करायला किती महिने लागतात ते ज्याचं त्याला माहीत, पण मेलेल्या माणसाच्या नावावर प्रीमियम भरत राहून उपयोग नाही.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यांत मोठं, आणि लोक नेमकं तेच एका क्लिकवर सोडून देतात: किंमत. नव्या गाडीची आयडीव्ही तक्त्याने ठरते, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, असं करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांपुढे आणि बंद झालेल्या मॉडेलला तक्ता लागूच नाही. तिथे किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे भाव करायचा अधिकार तुमचा आहे आणि आमच्यासारखे लोक तो एजंटच्या हवाली करून मोकळे होतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये १९५८ हे साल टाकलं की एकतर गाडी सापडतच नाही, नाहीतर भंगाराला लाजवेल असा आकडा येतो. तो फॉर्म बंद करा आणि कंपनीच्या शाखेत जा.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. परवानाधारक सर्व्हेयरकडून मूल्यांकनाचा अहवाल घ्या. त्याची फी लागेल, ती प्रीमियमचाच भाग समजा. सोबत गेल्या काही वर्षांची बिलं: पत्रा, रंग, रेक्झीन, क्रोम, इंग्लंडहून मागवलेले रबर आणि लेन्स, त्यांवर भरलेली कस्टम ड्युटी. डेंटर कच्च्या चिठ्ठीवर हिशेब देत असेल तर यंदापासून पक्कं बिल मागा, जीएसटीचे पैसे जातील तर जाऊ देत. फोटो काढायचे ते चारही बाजूंनी, आतून, बॉनेटखालून, चासी नंबरचा जवळून आणि खालच्या पत्र्याचे. इथल्या खाऱ्या हवेत गाडी खालून आधी सडते, तेव्हा खालची बाजू धड आहे याचा पुरावा किमतीत मोजला जातो. जुना रेडिओ, टपावरचं कॅरियर, जादा दिवे ही अॅक्सेसरी वेगळी लिहून तिची वेगळी किंमत टाका, नाहीतर ती पॉलिसीत नाहीच. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा. जुन्या टॅरिफमध्ये त्यावर ओन डॅमेजला, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमला, २५ टक्के सूट होती. आता ओन डॅमेजचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, म्हणून सूट आपण होऊन मागावी लागते. मग आकडा ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: पत्रा आणि रंगाचं एक मोठं काम या आकड्याच्या ७५ टक्क्यांत बसतं का? बसत नसेल तर तो फर्स्ट पार्टी विमा नावालाच. अशा आकड्यावर कंपनी अडली तर मी सरळ थर्ड पार्टी घेईन आणि उरलेले पैसे बँकेत टाकीन. आणि टोटल लॉस झालाच तर भंगाराची किंमत वळती करून गाडी आपल्याकडे ठेवता येईल का, हेही त्याच भेटीत विचारा, तेही लेखी.

किंमत चांगली ठरली तरी पूर्ण बिल मिळेल अशा भ्रमात राहू नका. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घट कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी यांवरही ५० टक्के, वय काहीही असो. काचेवर कपात नाही. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात; चाळीस हजारांच्या रंगकामात पाच हजार तुमचे. वर पंधराशे सीसीपर्यंत हजार रुपये सक्तीची वजावट. झिरो डेप, म्हणजे ही घट न कापणारं जादा कलम, या वयाच्या गाडीला मिळत नाही, ते विचारण्यात वेळ घालवू नका. गंज आणि झीज कुठल्याच पॉलिसीत नाही, आणि आमच्या फांदीच्या वेळी टपाखालचा जुना गंज सर्व्हेयरने बरोबर हुडकला होता.

पावसाचं मात्र नीट पाहा. जून ते सप्टेंबर गाडी ताडपत्रीखाली असते, म्हणून काही जण लेड-अप सवलत घेतात: गाडी सलग काही महिने वापरात नाही असं कळवायचं, तेवढ्या काळाचं संरक्षण आखडतं आणि पैसे वाचतात. घाटावर कोरड्या गोदामात ठेवलेल्या गाडीला हे शोभतं. आमच्याकडे गाडीवरचं संकट त्याच चार महिन्यांत येतं. जुलै २०२१च्या पुरात डिचोली-सत्तरीत पाणी घरांत शिरलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने माड आडवे केले. सवलत घ्यायचीच असेल तर त्या काळात वादळ, पूर आणि झाड पडणं चालू राहतं का, ते कलम वाचूनच सही करा. गाडीत पाणी शिरलंच तर कोणालाही स्टार्टर मारू देऊ नका. पाण्याने झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं, पण पाणी असताना इंजिन फिरवून कनेक्टिंग रॉड वाकला तर तो मागाहून ओढवून घेतलेला म्हणून नाकारतात. दारावरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेयर येईपर्यंत गाडी धुऊ नका, आई कितीही ओरडली तरी.

किरकोळ राहिलं ते असं. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीबरोबर आधीच घेतला असेल तर दोनदा भरू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जातो. त्याआधीही खंड पडला की कंपनी गाडी पुन्हा तपासायला येते. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि मूल्यांकनाचे फोटो काढायच्या आदल्या दिवशी गाडीवर झुकलेल्या फांद्या उतरवून घ्या, माडावरचे नारळ पाडून घ्या. पाडेकरी मे महिन्यात मिळत नाही, त्याला आत्ताच सांगून ठेवा.