सह्याद्रीच्या रेकॉर्डिंगमधले चौकोन

आईसाठी सह्याद्रीवरचे कार्यक्रम मी घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करतो. महिनाभर चित्रात चौकोन उमटायचे, गाणं ऐन समेवर तुटायचं. आधी हार्ड डिस्क बदलली. तो खर्च वाया गेला. मग टीव्हीहेडएंडच्या स्टेटसमध्ये पाहिलं, तर कंटिन्युइटी एरर सारखे वाढत होते. टीव्हीचा सिग्नल १८८ बाइटच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये येतो आणि प्रत्येक पॅकेटवर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. मधलं पॅकेट गळलं की तो चुकतो. म्हणजे गळती डिस्कच्या आधीच होती!

गच्चीवर एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाचा, कनेक्टर उघडला. आत पाणी, मधली तांब्याची तार हिरवी पडलेली. खराब वायर कापून नवा कनेक्टर लावला, वॉटरप्रूफ टेप घट्ट गुंडाळली. एरर वाढायचे थांबले. काल आईने अख्खी मैफल ऐकली.