लेकराला हिरवी उलटी झाली तर काय करायचं

आपल्याकडं लेकरानं हिरवं ओकलं की घरातले म्हणतात पित्त पडलं, आता बरं वाटंल. पण उलटी हिरवी, पोट दुखतंय नाहीतर फुगलंय, संडास-वारा बंद, असं असलं तर आतडं अडकलंय असंच धरा आणि सकाळची वाट न बघता निघा.

याला बरीच कारणं असतात, त्यातलं एक दुर्मिळ म्हणजे मेकेल डायव्हर्टिकुलम. गर्भात आतडं आणि बेंबी यांना जोडणारी एक नळी असते, ती पुढं आपोआप जिरून जाते, पण साधारण 2 टक्के लोकांत तिचा तुकडा लहान आतड्याला पिशवीसारखा राहून जातो. बहुतेकांना जन्मभर कळत पण नाही. त्रास झालाच तर लहान लेकरांत जास्त करून पोट न दुखता संडासातून रक्त जातं, तेव्हाही दाखवायलाच पाहिजे. क्वचित मात्र त्या पिशवीपासून बेंबीपर्यंत दोरीसारखा पट्टा राहिलेला असतो, आतडं त्याच्याभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं काळं पडू शकतं. म्हणून एवढी घाई.

तोंडानं काहीच देऊ नका, दूध नाही, बिस्किट नाही, कितीही रडलं तरी पाणी नाही, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. बेंबी सरकली म्हणून पोट चोळू नका, जुलाबाचं औषध नको, आणि डागणं तर अजिबात नाही, माझी हात जोडून विनंती आहे. उलटी पांढऱ्या फडक्यावर घेऊन उजेडात मोबाईलवर फोटो काढा, 'हिरवट होती' असं सांगण्यापेक्षा डॉक्टरला रंग दिसलेला बरा. शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली ते लक्षात ठेवा. आधार आणि रेशन कार्ड पिशवीत टाका, महात्मा फुले योजनेला लागतात.

गाडी नसंल तर 108 लावा. तालुक्याच्या दवाखान्यात थांबावं लागलं तर सलाईन आणि नाकातून नळी टाकून पुढं पाठवा म्हणा, आणि तिथूनच मोठ्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे संभाजीनगरच्या घाटीला, अंबाजोगाईला नाहीतर नांदेडला, जे जवळ पडंल तिथं, फोन करून लहान मुलांचे सर्जन आहेत का विचारायला लावा, नाहीतर रात्रभर इकडून तिकडं फिरण्यातच वेळ जातो. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हिरवी उलटी चालूच असंल तर घरी नेऊ नका, मेकेल सोनोग्राफीत सुटू शकतो.

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवतात, पिशवी काढतात, काळं पडलेलं आतडं कापून चांगली टोकं जोडतात. किती आतडं काढलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड जपून ठेवा, कारण पुढं कधी आतडी आत चिकटून परत अडकू शकतात, तेव्हाही हिरवी उलटी झाली की तेच कार्ड घेऊन लगेच सर्जनकडं जायचं.